किसुमुला जाताना पीपीटी नको, फोन नंबर हवेत

प्रश्न यवतमाळच्या एका मुलीचा आहे. वय २७, एमएसडब्ल्यू झालेली, तीन वर्षं तालुक्याच्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक. आता केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या किसुमु काउंटीत, एका युवा केंद्रात नऊ महिने स्वयंसेवक म्हणून लैंगिक आरोग्य शिक्षणाचं काम मिळतंय. तिने विचारलंय: कोणती पीपीटी आणि पुस्तकं सोबत न्यावीत, लसी कोणत्या घ्याव्यात, स्वाहिली शिकावी लागेल का, आणि लग्न न झालेल्या भारतीय मुलीचं तिथली मुलं या विषयावर ऐकतील का?

तुला अगं-तुगंच करते. बावीस वर्षं याच विषयात गेली, त्यातली दोन त्याच सरोवराच्या काठावर, त्यामुळे तेवढा हक्क घेते.

पीपीटी नेऊ नकोस. प्रोजेक्टर नसतो, वीज जाते, हे आहेच, पण खरं कारण वेगळं. आपल्या पीपीटीत ज्या प्रश्नांची उत्तरं भरलेली असतात ते प्रश्न तिथे फारसे येतच नाहीत. आपल्याकडे प्रश्नपेटी उघडली की निम्म्या चिठ्ठ्या न वाचता सांगता येतात: धात जाते, हस्तमैथुनाने कमजोरी येते का, पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच खराब होतं का. तिथे माझ्या पहिल्या पेटीतून निघालेली पहिलीच चिठ्ठी होती, "कट झाल्यावरही कंडोम लागतो का?" मला 'कट' म्हणजे काय तेच कळेना. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने कानात सांगितलं, सुंता.

आपल्याकडे सुंता म्हटलं की धर्म आठवतो, म्हणून आपण वर्गात तो शब्दच टाळतो. तिकडच्या लुओ समाजात परंपरेने सुंता करत नाहीत; वयात आल्याची त्यांची जुनी खूण म्हणजे खालचे पुढचे सहा दात काढणं. पण सुंतेमुळे पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, हे दाखवणाऱ्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या त्यातली एक किसुमुमध्येच झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षापासून सरकारने त्या भागात स्वेच्छेने सुंतेची मोहीम सुरू केली. तेव्हा तिथल्या मुलासाठी हा रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे, आणि उत्तर नेमकं हवं: धोका कमी होतो, शून्य होत नाही, बाईला त्याने थेट संरक्षण मिळत नाही, गर्भधारणेशी त्याचा संबंध नाही, आणि जखम भरायची सहा आठवडे संबंध टाळायचे. म्हणजे कंडोम लागतोच. हे मला त्या दिवशी येत नव्हतं. "पुढच्या वेळी सांगते" म्हणाले, आणि सांगितलंही. तेवढं म्हणायची लाज वाटू देऊ नकोस.

असंच 'पी-टू'चं. आपल्याकडच्या मुली '७२ तासांची गोळी' म्हणतात, तिकडे त्याच गोळीला सगळे पी-टू म्हणतात. आणि पी-थ्री म्हणजे पोलिसांचा फॉर्म, अत्याचाराच्या तक्रारीत डॉक्टरने भरून द्यायचा. पहिल्या आठवड्यात मी या दोहोंत घोळ घातला आणि नर्सबाई पोट धरून हसल्या. पण विचार कर, घाबरलेल्या मुलीसमोर तोच घोळ झाला असता तर?

एचआयव्हीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे आपली सवय सगळ्यात महागात पडते. भारतात प्रौढांमधलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास. यवतमाळच्या वर्गात एचआयव्ही हा 'दुसऱ्या कुणाचा' विषय असतो आणि आपण तसाच तो शिकवतो: चित्रं, भीती, 'यापासून दूर राहा'. केनियाच्या २०१८ च्या सर्वेक्षणात शेजारच्या होमा बे काउंटीत दर पाच प्रौढांमागे जवळजवळ एक जण बाधित होता. किसुमु, सियाया, मिगोरी याच रांगेत. म्हणजे तुझ्या समोरच्या चाळीस मुलांत एखादं तरी जन्मापासून गोळ्या घेणारं असेल असं धरूनच बोलायचं. आमच्या केंद्रात एक मुलगी यायची, तिच्या दप्तरात औषधाची बाटली असायची. बाटलीत गोळ्यांच्या वर कापसाचा बोळा गच्च कोंबलेला, चालताना खुळखुळ आवाज होऊ नये म्हणून. तिच्यासमोर मी एकदा जुन्या सवयीने "हा जीवघेणा आजार" असं म्हणून गेले. ती काही बोलली नाही. पुढचे तीन शनिवार आली नाही. औषध नियमित घेतलं आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर संबंधांतून तो दुसऱ्याला होत नाही, हे वाक्य तिथे पहिल्या दिवशी म्हणायचं असतं, शेवटच्या स्लाइडवर नाही. शिवाय जुन्या माणसांच्या तोंडी 'चिरा' हा शब्द येईल. रीत मोडली की माणूस झिजत जातो, तो चिरा. एड्सकडेही बरेच जण तसंच पाहत आले. वाद घालू नकोस. आपल्याकडे 'बाहेरचं' म्हणतात तेव्हा आपण जे करतो तेच कर: ऐक, आणि 'दवाखान्यातही जाऊ या' म्हण.

आता तू न विचारलेलं, पण सगळ्यात महत्त्वाचं.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार, दुपारचे साडेचार. तास संपला, मुली गेल्या, एक जण फळा पुसत राहिली. पुसून झालेला फळा पुन्हा पुसत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "घरातलाच माणूस असेल तर ते धरतात का, मॅडम?" कसं ऐकायचं, काय विचारायचं नाही, 'तुझी चूक नाही' कसं म्हणायचं हे मला येत होतं, आपल्या सगळ्यांना ते शिकवतात. मला येत नव्हतं ते एवढंच, की आता फोन कुणाला लावायचा. संस्थेच्या कागदावर बालसंरक्षणासाठी एका व्यक्तीचं नाव होतं. ती व्यक्ती नैरोबीला गेलेली आणि फोन बंद. दवाखान्यातलं कोण शनिवारी असतं, मुलीसोबत जायला पालक नसेल तर चालतं का, गाडीचे पैसे कोण देणार, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. अखेर माझी स्थानिक सहकारी शनिवारी दुपारी तिला काउंटीच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. ७२ तासांच्या आत पोचलो. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या तेवढ्यातच सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. पण कपडे धुऊन झाले होते. धुवायचे नसतात, प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात ठेवायचे असतात, हे तिला सांगायचं मलाच सुचलं नव्हतं.

म्हणून जाण्याआधी, इथे बसूनच, संस्थेकडून ही साखळी लेखी मागव. पहिला फोन कुणाला, तो लागला नाही तर दुसरा कुणाला. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या खोलीत. तिथे अत्याचारानंतरच्या तपासणीचा वेगळा फॉर्म भरतात, त्याला पीआरसी म्हणतात. पोलिसांचा पी-थ्री वेगळा. दोन्ही लागतात. मुलांसाठीची हेल्पलाइन ११६, लैंगिक हिंसेसाठीची ११९५. आपल्या १०९८ सारखेच पाठ करून जा. आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्या रुग्णालयात स्वतः पायी जाऊन ये. नर्सबाईंना भेट, नाव विचार, शनिवार-रविवारी कोण असतं ते विचार. तुझ्या नऊ महिन्यांतला सगळ्यात उपयोगी दिवस तोच ठरेल.

वर्गात सुरुवातीला 'हे सगळं आपल्यातच राहील' असं कधीही म्हणू नकोस. 'तुमच्यापैकी कुणाला धोका आहे असं कळलं, तर मला मदतीसाठी एका माणसाला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन', हे म्हणायचं. कायदा तुला ओळखीचा वाटेल. तिथला लैंगिक गुन्ह्यांचा कायदा २००६ चा, वयाची रेघ १८ वर, आपल्या २०१२ च्या पॉक्सोसारखीच. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघांची मर्जी, आणि तरी मुलगा आत, हा पेच आपल्याला पाठ आहे. तिथेही तो तसाच उभा राहतो. त्यात तू पाहुणी. स्वतः वकील होऊ नकोस, स्थानिक सहकाऱ्यांच्या मागे उभी राहा.

गर्भपाताबाबत मात्र इथली सवय इथेच ठेवून जा. १९७१ च्या कायद्यावर वाढलेलो आपण सहज बोलून जातो. केनियाच्या २०१० च्या संविधानात गर्भपाताला मनाई आहे. तातडीच्या उपचारांची गरज, आईच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असं प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीचं मत, किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याने दिलेली परवानगी, हे अपवाद. शिवाय अमेरिकेचा आरोग्यनिधी घेणाऱ्या परदेशी संस्थांनी याबद्दल सल्लाही द्यायचा नाही, ही जुनी अट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा लागली. संस्थेला पैसा कुठून येतो हे म्हणूनच विचारायचं. तुझ्या एका वाक्याने त्यांचा निधी जाऊ शकतो. समलिंगी संबंधांचंही तसंच: आपल्याकडचं ३७७ आणि तिथलं कलम १६२ एकाच इंग्रजी राजवटीची भावंडं. आपलं २०१८ मध्ये सुटलं, तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम ठेवलं. शेजारच्या युगांडात तर २०२३ च्या कायद्याने 'प्रचारा'लाही वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सुट्टीत तिकडे फिरायला गेलीस तर कामाचे कागद लॅपटॉपमध्ये नेऊ नकोस. एखादा मुलगा विश्वासाने काही सांगेल तेव्हा ते कुठेही लिहून ठेवायचं नाही, नावाशिवायही नाही.

शाळेत काय बोलायचं ते तू ठरवायचं नाहीस. साहित्य तिथल्या अभ्यासक्रम संस्थेने, केआयसीडीने, मान्य केलेलं असावं लागतं. शिवाय बऱ्याच शाळांना चर्च हा 'स्पॉन्सर' असतो, कायद्यातला शब्दच तो आहे. आणि गंमत म्हणजे मुलींच्या भाषेत 'स्पॉन्सर' म्हणजे फोन, कपडे, प्रवासाचे पैसे पुरवणारा वयस्क पुरुष. मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि वर्गात हा शब्द एकाच अर्थाने वापरलास तर काय होईल ते तूच बघ. हसू येतं, पण त्यामागचं हसण्यासारखं नाही. सरोवराच्या काठावर 'जाबोया' आहे: मासे विकणाऱ्या बाईला मासळी मिळण्यासाठी मच्छीमाराशी संबंध ठेवावे लागणं. तिच्या मुलीला 'नाही म्हणायला शिका' एवढंच सांगून येणं म्हणजे तिची थट्टा आहे.

शाळेशी भांडण का नको, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. २००५ च्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाचे फ्लिपचार्ट २००७ मध्ये महाराष्ट्रात आक्षेपार्ह ठरले, विधानसभेत गदारोळ झाला, बंदी आली. मी तेव्हा सांगली जिल्ह्यात होते. आमचे चार्ट कपाटात गेले ते गेलेच. चार चित्रं आधी पालकांना दाखवली असती तर वाचलो असतो का, माहीत नाही. पण आम्ही दाखवली नव्हती हे खरं. म्हणून तिथे पहिली बैठक पालकांची आणि पाद्रीबाबांची घे, आणि तीही स्थानिक शिक्षिकेला बोलू दे.

वाचायचंच असेल तर युनेस्कोची लैंगिकता शिक्षणाची मार्गदर्शिका वाच, २०१८ ची सुधारित. वयोगटाप्रमाणे काय सांगायचं याची चौकट पक्की होते. बाकी पुस्तकांचं ओझं नको.

आता 'भारतीय मुलीचं ऐकतील का'. ऐकतील, पण आधी तुला ओळखतील ती 'म्हिंदी' म्हणून. म्हिंदी म्हणजे भारतीय, आणि किसुमुत भारतीय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुकान, 'दुका'. गल्ल्यावर बसणारा, आपल्यात मिसळत नाही, नोकराला नावाने हाक मारत नाही, अशी आपली ख्याती आहे आणि ती उगाच झालेली नाही. आपल्या मनात रंगाबद्दल काय काय भरलंय ते विमानात बसण्याआधी एकदा उघडून बघ. मुलांना ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. त्यांच्या ताटातलं उगाली आणि सुकुमा जेव, चहा त्यांच्यासोबत पी. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला जरूर जा, पण दर शनिवार-रविवार आपल्या माणसांत काढू नकोस. थोडं विषयांतर: र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी कोर्टात उभे राहिले, हे आपल्या क्षेत्रात सगळे जाणतात. त्यांचे भाऊ डॉ. शंकर कर्वे मोंबासात डॉक्टरकी करत होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुलं 'तुमच्या देशात हे सगळं चालतं का' विचारतील तेव्हा मी र. धों.च्या खटल्याची गोष्ट सांगायचे. भारतातही हे बोलायला जेल-दंडाची भीती होती, हे ऐकून त्यांचे खांदे सैल व्हायचे.

लग्न झालेलं नाही, मुलं नाहीत, हे विचारतील. पोरींपेक्षा त्यांच्या आया जास्त. सरळ 'नाही' सांग, कारणं देऊ नकोस. स्वतःच्या अनुभवाबद्दलच्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर ठेव: "माझ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलायला आले." मुलांच्या गटात पुरुष सहकारी पुढे, तू मागे. एकटीने बंद खोलीत कुणाशीही बोलायचं नाही, दार उघडं. फोटो काढायचे नाहीत. 'पाठमोरा चालेल का' तर तोही नाही.

स्वाहिली शीक, पण सगळी नको. शाळेत इंग्रजी चालतं, गावात लुओ. तीनशे शब्द पुरतात, आणि तुला वाटतात तितके परके नाहीत: हिशेबाला 'हेसाबू', साबणाला 'साबूनी', विम्याला 'बिमा', पैशाला 'पेसा'. वयात येणं 'बालेहे', म्हणजे आपला बालिगच. पाळी 'हेदी', गर्भ 'मिंबा'. शरीराच्या अवयवांचे सभ्य शब्द सहकारी शिक्षिकेकडून शिकून घे, इंटरनेटवरून नको. पोरांची 'शेंग', म्हणजे स्वाहिली-इंग्रजीची मिसळ बोली, कळू दे, बोलू नकोस; मावशीने कॉलेजची शिवी देण्यासारखं दिसतं. दुभाषा घेतलास तर त्याच्यासोबत आधी तासभर बस. मी एकदा संमती या विषयावर पाच मिनिटं तळमळून बोलले. दुभाष्याने एका वाक्यात आटोपलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर कळलं, तो म्हणाला होता, "मॅडम सांगतात, मुलांपासून लांब राहा."

कागद आणि लसी पटकन. पर्यटनाच्या ई-परवान्यावर, म्हणजे ईटीएवर, जाऊन काम करायचं नाही, बिनपगारीसुद्धा नाही. संस्थेने धर्मादाय कामाचा परवाना काढून द्यायला हवा. 'आधी या, मग बघू' म्हणाले तर जाऊ नकोस. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून काढ. संस्थेने ते मागितलंच नाही, तर मुलांसोबत काम करणारी ती संस्था किती गंभीर आहे ते समज. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, कारण पिवळं कार्ड तिथेच मिळतं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोल आणि खरंच घे. 'आपण विदर्भातले, आपल्याला काय होतंय' हे तिथल्या मलेरियापुढे चालत नाही. सरोवरात पाय बुडवून फोटोही नको, बिल्हार्झिया, म्हणजे पाण्यातल्या कृमींचा आजार, होतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा मसाला कापडी पिशवीत बांध.

येत्या सोमवारी संस्थेला मेल टाक. चारच गोष्टी विचार. एखाद्या मुलीने काही सांगितलं तर पहिले दोन फोन कुणाला? २०२५ मध्ये अमेरिकी मदत आटल्यावर तुमच्या यादीतले कोणते दवाखाने आणि कोणत्या समुपदेशक अजून चालू आहेत? वर्गात माझ्यासोबत कोण उभं राहणार, आणि मी परतल्यावर तोच गट कोण चालवणार? परवाना कोणत्या वर्गाचा? उत्तरं आली की मला पाठव, मग तिकिटाचं बोलू.